टोक वर, भार मागे

1922 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील पेपिन सरोवरावर अठरा वर्षांचा राल्फ सॅम्युएलसन बोटीमागे ओढला जात पाण्यावर उभा राहू पाहत होता. पिंपाच्या फळ्या निरुपयोगी ठरल्या, बर्फावरच्या स्कीही. मग त्याने सुमारे आठ फूट लांब, नऊ इंच रुंद पाइनच्या फळ्या घेतल्या, उकळत्या पाण्यात टोके मऊ करून वर वळवली. तरी तो पडतच राहिला. 2 जुलैला टोके पाण्याबाहेर ठेवून तो मागे रेलला, तेव्हा कुठे जमले. माझ्या मते वॉटर स्कीइंगचा हा खेळ फळीतून नव्हे, या रेलण्यातून जन्मला.

कोणी म्हणेल, स्कीचे पेटंट 1925 मध्ये फ्रेड वॉलरने घेतले, आणि वेगवान बोटीवाचून सारे व्यर्थच. बोटीचे ऋण मान्य. पण आजचे एका स्कीवरचे स्लॅलम पाहा: वळसा घालायचे सहा बोये, प्रत्येक बोया बोटीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून 11.5 मीटरवर, आणि अव्वल स्पर्धकांचा दोर 10.25 मीटर किंवा त्याहूनही आखूड! दोर जिथे पोचत नाही, तिथे आडवे झुकलेले शरीर आणि ताणलेला हात पोचतो. कार्बन फायबरची स्की ते झुकणे पेलते, शिकवत नाही. म्हणून हौशी माणसाचाही पहिला धडा तोच: गुडघे किंचित वाकवा, हात सरळ ठेवा, ओढण्याचे काम बोटीवर सोडा.