फुफ्फुसाचा कॅन्सर शरीरभर कसा पसरतो? पेशीच्या आत काय घडतं, तपासण्या कशासाठी

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा फुफ्फुसातल्या मूळ गाठीमुळे नव्हे, तर हा रोग मेंदू, हाडं, यकृत किंवा मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीपर्यंत पोचल्यामुळे. या पसरण्यालाच डॉक्टर 'मेटास्टॅसिस' म्हणतात. रिपोर्टवर हा शब्द दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण हे पसरणं कसं होतं, हे गेल्या काही दशकांत बरंच उलगडलं आहे आणि आजची अनेक औषधं त्यातूनच निघाली आहेत.

दोन मुख्य प्रकार

फुफ्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे 85 टक्के रुग्ण 'नॉन-स्मॉल सेल' प्रकारचे असतात. उरलेले बहुतेक 'स्मॉल सेल' प्रकारचे. हा दुसरा प्रकार फार वेगाने पसरतो. निदान होतं तेव्हाच साधारण तीनपैकी दोन रुग्णांत तो दूरच्या अवयवांत गेलेला असतो. त्याचा तंबाखूच्या धुराशी फार जवळचा संबंध आहे. पहिल्या प्रकारातला 'अॅडिनोकार्सिनोमा' मात्र कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही होतो.

पेशी सुटते कशी?

फुफ्फुसाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव ई-कॅडहेरिन. गाठीतल्या काही पेशींना टीजीएफ-बीटासारखे रासायनिक संदेश मिळाले की स्नेल, ट्विस्ट, झेब-1 ही नियंत्रक प्रथिनं कामाला लागतात आणि ई-कॅडहेरिनची निर्मिती घटते. त्याच वेळी व्हिमेंटिनसारखी प्रथिनं वाढतात. एका जागी बसलेली पेशी आता लांबट आणि हालती होते. या बदलाला शास्त्रीय भाषेत 'ईएमटी' म्हणतात.

सुटलेल्या पेशीपुढे पहिला अडथळा असतो अस्तराखालच्या कोलॅजनच्या पातळ पडद्याचा. एमएमपी-2 आणि एमएमपी-9 ही एन्झाइम्स हा पडदा विरघळवून वाट करून देतात. इकडे गाठीला वाढायला रक्तपुरवठा लागतो. गाठ व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेते. वाढणारी गाठ नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते, हा विचार अमेरिकेतले डॉ. ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये ठामपणे मांडला होता. या नव्या वाहिन्या कच्च्या, गळक्या असतात. त्यामुळे पेशींना त्यांत शिरणं सोपं जातं.

रक्तातला प्रवास

रक्तात उतरलेल्या बहुसंख्य पेशी मरतात. प्रवाहाचा मारा आणि रोगप्रतिकारक पेशींचा हल्ला त्यांना सोसवत नाही. मोजक्याच वाचतात. त्यांतल्या काही रक्तातल्या प्लेटलेट्सचं आवरण अंगावर घेऊन लपतात. काही आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल1 हे प्रथिन वाढवतात. त्यामुळे हल्ला करायला आलेल्या टी-पेशींना ब्रेक लागतो. हा ब्रेक सोडवण्याचं तत्त्व शोधल्याबद्दल जेम्स अॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना 2018 चं नोबेल मिळालं. आजची इम्युनोथेरपी त्याच तत्त्वावर चालते.

मेंदू आणि हाडंच का?

इंग्लंडमधले सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मत मांडलं होतं. बी कुठेही पडेल, पण उगवेल ते मानवणाऱ्या जमिनीतच, असा त्याचा सारांश. त्यांचा अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा होता, पण तत्त्व इथेही लागू पडतं. हाडांतल्या मज्जेत सीएक्ससीएल-12 हे रसायन असतं. ते ओळखणारं सीएक्ससीआर-4 हे ग्राहक प्रथिन ज्या पेशींवर आहे, त्या तिकडे ओढल्या जातात. तिथे पोचल्यावर त्या हाड झिजवणाऱ्या पेशींना चिथावतात. हाड झिजलं की त्यात साठलेले वाढीचे घटक मोकळे होतात आणि कॅन्सरला आणखी बळ मिळतं. पाठीचं न थांबणारं दुखणं किंवा साध्या धक्क्याने मोडलेलं हाड यामागे हे दुष्टचक्र असू शकतं.

मेंदूभोवती रक्तातले घटक गाळणारा अडसर असतो. तो ओलांडून आत गेलेल्या पेशींना त्याच अडसराचा फायदा मिळतो, कारण अनेक केमो औषधं तिथवर पुरेशी पोचत नाहीत. शिवाय काही पेशी दूरच्या अवयवांत झोपून राहतात. ऑपरेशन यशस्वी होऊनही काही वर्षांनी रोग डोकं वर काढतो, त्याचं एक कारण हे.

जनुकांची तपासणी का सांगतात?

या सगळ्यामागे बऱ्याचदा एखाद्या जनुकातला बिघाड असतो. ईजीएफआर हे पेशीला 'वाढ' असा संदेश देणारं बटण समजा. जनुक बिघडलं की ते बटण दाबलेलंच राहतं. हा बिघाड 2004 मध्ये समोर आला. एएलके जनुकाची चुकीची जोडणी 2007 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवली. या दोन्हींवर गोळ्या उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या ओसिमर्टिनिब, अलेक्टिनिबसारख्या नव्या गोळ्या मेंदूपर्यंत चांगल्या पोचतात. 'यावर औषधच नाही' अशी ख्याती असलेल्या केरास जनुकाच्या एका बिघाडावरही 2021 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. पूर्व आशियात अॅडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांत ईजीएफआरचा बिघाड जास्त आढळतो, पश्चिमेत कमी. भारत या दोन्हींच्या मध्ये येतो.

गोळ्यांनी रोग बहुधा कायमचा जात नाही. कालांतराने पेशी नवा बिघाड करून औषधाला दाद देईनाशा होतात. म्हणून पुन्हा तपासणी करावी लागते. ती काही वेळा नुसत्या रक्तावरही होते, कारण गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात फिरत असतात.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं

- हे जनुकीय बिघाड बहुतेक वेळा जन्मजात नसतात, आयुष्यात नंतर घडतात. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत.
- 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीने बायोप्सी टाळू नये. सुईच्या वाटेने पेशी पसरणं फारच क्वचित घडतं. बायोप्सीशिवाय मात्र नेमका प्रकार आणि बिघाड कळत नाही.
- एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलात जाताना फक्त रिपोर्ट नव्हे, तर बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्सही लॅबमधून मागून सोबत घ्याव्यात. जनुक तपासणी त्याच ब्लॉकवर होते. तो नसला तर पुन्हा सुईची वेळ येऊ शकते.
- खोकला आणि एक्स-रेवरचा डाग म्हणजे टीबीच, असं धरून चालू नये. आपल्याकडे ही गल्लत होऊन महिने वाया जातात. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत आणि औषधानेही फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारावं.
- थुंकीतून रक्त, बसलेला आवाज, उतरणारं वजन, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी किंवा झटके यांकडे दुर्लक्ष करू नये.

रोग पसरल्यावर निदान झालं तरी उपचार संपले असं नाही. गोळी लागू पडेल की इम्युनोथेरपी की केमो, हे कोणता बिघाड आहे त्यावर ठरतं. त्यामुळे नॉन-स्मॉल सेल प्रकार पसरलेला असेल, विशेषतः अॅडिनोकार्सिनोमा, तर पहिली केमो सुरू होण्याआधी 'जनुक तपासणी झाली का?' हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.