परंड्याची तोफ विजापूरला कशी गेली?

सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतो ना? ती खरी तोफ एकेकाळी आपल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. मूळ नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा धनी.

१५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीने ती ओतून घेतली. ओतणारा कारागीर मुहम्मद, आडनावासारखं लावायचा ‘रूमी’. रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख, आणि हा शब्द आलाय थेट रोमवरून!

वजन सुमारे ५५ टन. पण बघायचं ते तिचं तोंड. सिंहाने जबडा वासलाय आणि दातांत हत्ती चिरडला जातोय. दख्खनच्या किल्ल्यांच्या दारांवर सिंहाच्या पंज्याखाली हत्ती दिसतात ना, तीच भाषा: समोरचा कितीही मोठा असो, खाऊन टाकू.

आता जरा रोमला जाऊ. तिथल्या टायटसच्या कमानीवर इ.स. ७१ ची विजयाची मिरवणूक कोरलीय. सैनिकांच्या खांद्यावर जेरुसलेमच्या मंदिरातून लुटलेला सात फाट्यांचा दीप, आणि सोबत पाट्या. समोरच्या बाजूला चार घोड्यांच्या रथात टायटस, विजयदेवी त्याच्या डोक्यावर मुकुट धरतेय. जिंकलेली वस्तू लोकांना दिसली पाहिजे, हा सगळा मुद्दा.

१६३२ मध्ये इकडे तेच झालं. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव (हो, पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला तो यांच्याच काळात) ही तोफ विजयचिन्ह म्हणून विजापूरला घेऊन गेला. सांगतात की १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसं लागली. दीडशे किलोमीटरच्या वर रस्ता, मध्ये भीमा! विचार करा, वाटेतल्या गावांनी काय पाहिलं असेल. कमानीवर कोरायची गरजच नव्हती. निजामशाही संपत आलीय हे त्या ओढगाड्यानेच सांगितलं.

पुढे १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं. त्याने तोफ हलवली नाही, तिच्यावर स्वतःच्या विजयाचा लेख कोरून घेतला. मला हे जास्त हुशारीचं वाटतं. टायटसच्या कमानीवरच्या पाट्या आज कोऱ्या दिसतात, हा लेख अजून आहे. निजामशाहीचा जुना लेखही तिथेच, शेजारी.

१८५४ मध्ये इंग्रजांनी तिला भंगार म्हणून लिलावात काढलं. बोली आली १५० रुपये! शेवटी विक्री रद्द झाली. आज ती विजापूरच्या शेर्जा बुरुजावर आहे. परंड्याच्या बुरुजांवर दुसऱ्या तोफा अजून आहेत. गेलात तर त्यांचीही तोंडं नीट बघा.