हेन्री आयर्व्हिंगचा पत्रव्यवहार



आपल्याकडील जुनीं राजकीय पत्रें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांना ठाऊक आहे कीं, मजकूर चिटणिसाचा असतो, अक्षर कारकुनाचें असतें, आणि धन्याच्या हातच्या अशा शेवटीं दोन-चार ओळी असल्या तर असतात. त्या ओळी दिसल्या म्हणजे संशोधक हरखून जातो. आज मी ज्या पत्रव्यवहाराविषयीं बोलणार आहें तो राजाचा नव्हे, नटाचा आहे. परंतु तेथेंही नेमका हाच पेंच पडतो.

सर हेन्री आयर्व्हिंग हा व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील इंग्लंडचा अग्रगण्य नट. जन्म १८३८ सालीं, सॉमरसेट परगण्यांतील एका खेड्यांत. मूळ नांव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. शाळा तेराव्या वर्षींच सुटली. पुढें लंडनमध्यें, हिंदुस्थानाशीं व्यापार करणाऱ्या एका पेढीवर त्यानें कारकुनी केली. ती टाकून १८५६ सालीं संडरलंड येथें रंगभूमीवर पाऊल ठेवलें. १८७१ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या लायसियम नाट्यगृहांत 'द बेल्स' या नाटकानें त्याचें दैव उघडलें, १८७८ सालीं तें नाट्यगृहच त्याच्या हातीं आलें, आणि १८९५ सालीं राणीनें त्याला 'सर' केलें. इंग्लंडांत नटाला हा मान मिळाल्याचें तें पहिलेंच उदाहरण. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असल्यामुळें मीं ती भरभर सांगितली.

आतां पत्रांकडे वळूं. नाट्यगृहाचा चालक झाल्यावर आयर्व्हिंगकडे टपालाचा पूर लोटला. नाटककार आपलीं हस्तलिखितें धाडीत, होतकरू नट काम मागत, ओळखीचे लोक पहिल्या रात्रीच्या जागा मागत. १८८३ पासून अमेरिकेचे दौरे सुरू झाले तेव्हां समुद्रापलीकडचें टपाल त्यांत आणखी पडलें. त्याला आलेल्या पत्रांचा मोठा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत जतन केलेला आहे. परंतु त्यानें धाडलेलीं उत्तरें कोणाचीं? येथें 'ड्रॅक्युला' या भयकथेचा कर्ता ब्रॅम स्टोकर पुढें येतो. डब्लिन येथील सरकारी नोकरी सोडून तो १८७८ सालीं आयर्व्हिंगचा व्यवस्थापक झाला, आणि धन्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षें, त्याच्यापाशीं राहिला. धन्याकरितां आपण लिहिलेलीं पत्रें पांच लाखांच्या घरांत जातील, असा त्याचा स्वतःचा अंदाज होता. मास्तरकीची संवय सुटत नाहीं, म्हणून मीं भागाकार करून पाहिला : रविवार-सणवार न वगळतां रोजचीं पन्नास पत्रें पडतात! थोडी अतिशयोक्ति गृहीत धरली तरी तो माणूस दिवसा कचेरींत आणि रात्रीं प्रेक्षकांच्या दारांत उभा राहून 'ड्रॅक्युला' कधीं लिही, हें कोडेंच आहे.

या परहस्तलेखनाचा एक मासला प्रसिद्ध आहे. बर्नार्ड शॉ हा १८९५ पासून 'सॅटर्डे रिव्ह्यू' पत्रांत नाट्यपरीक्षणें लिहीत असे आणि आयर्व्हिंगला टोंचीत असे. त्याचें नेपोलियनवरील एक छोटें नाटक आयर्व्हिंगकडे पडून होतें. त्यांतील स्त्रीभूमिका लायसियमची नायिका एलन टेरी हिनें करावी, ही शॉची मनीषा. १८९६ च्या डिसेंबरांत आयर्व्हिंगनें 'तिसरा रिचर्ड' केला. शॉच्या परीक्षणांतून कित्येकांनी असा अर्थ काढला कीं, नट त्या रात्रीं शुद्धीवर नव्हता. पुढच्या वर्षीं नाटक परत आलें, आणि त्या वादांत आयर्व्हिंगच्या सहीचें एक झणझणीत पत्रही आलें : तुमचें लिखाण गमतीचें असतें, पण ज्याला टीका म्हणावें असें त्यांत मला कधींच आढळलें नाहीं, असा त्याचा आशय. हा फटकारा आयर्व्हिंगचा नव्हे, त्याच्या पदरच्या एल. एफ्. ऑस्टिन या लेखनिकाचा आहे, असें शॉचें म्हणणें होतें.

येथें मला माझी एक चूक आठवते. नोकरीच्या आरंभीं मी ज्या खेड्यांत होतों तेथें एक म्हातारी आपल्या मुंबईच्या मुलाला माझ्याकडून पत्रें लिहवून घेई. मुलानें बरेच दिवस पैसे धाडले नव्हते. ती एवढेंच म्हणाली, "गुरुजी, त्याला इचारा, येळेवर जेवतोस का?" मला तें अपुरें वाटलें. मीं मातृऋणावर पानभर मजकूर घातला. आठ दिवसांनीं मुलाचें उत्तर माझ्याच नांवें आलें : पैसे धाडतों, पण गुरुजी, आई काय म्हणाली तें कळवा.

आयर्व्हिंगच्या पत्रांतही अभ्यासक हेंच शोधीत असतात. सही त्याची आहे, म्हणजे संमति त्याची आहे. व्यवहाराचा इतिहास लिहावयास तेवढें पुरतें. जागांचे दर, करार, नकार, देणग्या यांची साक्ष त्या पत्रांतून निःशंक घ्यावी. परंतु मन शोधूं गेलें तर हाताशीं स्टोकर लागतो, नाहीं तर ऑस्टिन. एलन टेरीचें तसें नाहीं. तिचा आणि शॉचा १८९२ पासूनचा पत्रव्यवहार १९३१ सालीं छापून निघाला. तीं पत्रें तिच्या स्वतःच्या हातचीं आहेत, आणि चार ओळी वाचतांच बाई समोर येऊन बसते. आयर्व्हिंग मात्र रोज रात्रीं दुसऱ्यांचीं वाक्यें आपलीं करून बोलला, आणि आपलें बोलणें दुसऱ्यांना लिहूं दिलें.

१३ ऑक्टोबर १९०५ रोजीं ब्रॅडफर्ड येथें टेनिसनच्या 'बेकेट' नाटकाचा प्रयोग आटोपून तो आपल्या मुक्कामाच्या हॉटेलांत परतला आणि तेथेंच त्याचा अंत झाला. अस्थि वेस्टमिन्स्टर ॲबींत ठेवण्यांत आल्या. पुढच्याच वर्षीं स्टोकरनें आपल्या धन्याच्या आठवणी दोन खंडांत, या खेपेस स्वतःच्या नांवानें, प्रसिद्ध केल्या. त्यांत डब्लिनमधील एका रात्रीची हकीकत आहे. स्टोकर तेव्हां साधा कारकून. त्यानें वर्तमानपत्रांत 'हॅम्लेट'चें परीक्षण लिहिलें होतें, म्हणून आयर्व्हिंगनें त्याला जेवावयास बोलाविलें. जेवणानंतर आयर्व्हिंगनें टॉमस हूडची खुनी शाळामास्तराची कविता म्हटली, आणि ती ऐकून स्टोकरला भावनेचा झटकाच आला. आयर्व्हिंग शेजारच्या खोलींत गेला आणि आपलें एक छायाचित्र घेऊन आला. त्यावर स्टोकरला मित्र म्हणून संबोधून दोनदां आशीर्वाद लिहिला होता. खालीं सही, आणि तारीख ३ डिसेंबर १८७६.