वैरण सोडलेला घोडा: काही शब्द व त्यांमागील इतिहास

मांजरा नदीच्या काठचे कळंब हे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण ज्वारीच्या मुलखात मोडते. कडब्याची गंज ही तेथील गोठ्याची शिल्लक होय. २०१२-१३ व २०१५-१६ च्या अवर्षणांत ही शिल्लक सरली आणि मराठवाड्यात जागोजागी 'चारा छावण्या' उघडाव्या लागल्या. छावणी हा शब्द मुळात लष्करी आहे. फौजेने पावसाळ्यात एके ठिकाणी मुक्काम करणे, हा त्याचा मराठेशाहीतील एक प्रमुख अर्थ. दाणावैरणीची विवंचना त्या छावणीतही होतीच. फक्त खाणारे तोंड घोड्याचे होते.

घोडा खाईनासा झाला की आपण 'त्याने वैरण सोडली' असे म्हणतो. या वाक्यात कर्ता घोडा आहे, म्हणून खोडही त्याचीच, असे सहज वाटून जाते. जुन्या लेखनाची व जुन्या शब्दांची साक्ष मात्र वेगळी आहे. ती येथे थोडक्यात मांडावयाची आहे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात 'अश्वाध्यक्ष' हा अध्याय आहे. उत्तम, मध्यम व कनिष्ठ घोड्यांचा शिधा तेथे मापाने सांगितला आहे. धान्य अर्धे वाळलेले वा अर्धे शिजवलेले असावे. त्यात स्नेह व मीठ पडावे. आणि खाद्याचे पिंड ओलावण्यासाठी रस किंवा दही घालावे, अशी त्याची तपशीलवार योजना आहे. घोड्याने नुसते पोट न भरता रुचीने खावे, याची जबाबदारी ग्रंथकाराने अधिकाऱ्यावर टाकली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील माबार प्रांताविषयी लिहिताना मार्को पोलो याने याचीच दुसरी बाजू नोंदविली. समुद्रमार्गे मोठ्या किमतीस आणलेल्या घोड्यांना तेथे मांस घालून शिजविलेला भात देत, आणि निगा राखण्याचे ज्ञान नसल्याने त्यांपैकी बहुतेक दगावत, असे तो सांगतो. वृत्तांतात अतिशयोक्ती मानली, तरी मूळ कारण पटण्याजोगे आहे. घोड्याला ओकारी होत नाही. बाधलेले अन्न बाहेर टाकता येत नसल्याने एकाएकी बदललेला चारा त्याच्या जिवावर बेततो. परक्या दाण्यास तोंड न लावणे हा अशा प्राण्याचा हट्ट मानण्यापेक्षा सावधपणा मानणे अधिक युक्त होईल.

आता मराठी शब्दांकडे वळू. 'वैरण' या नामाशेजारी 'वैरणे' हे क्रियापद ठेवून पाहावे. आधणात तांदूळ वैरतात, जात्यात दाणे वैरतात. थोडे थोडे, हाताच्या अंदाजाने घालणे, हा त्याचा अर्थ. 'रतीब' हा अरबी मुळाचा शब्द आज दुधापुरता उरला आहे; पूर्वी जनावराच्या रोजच्या ठरीव खुराकासही तो लावीत. 'तोबरा' हा फारसीतून आलेला शब्द आता तोंडात कोंबलेल्या घासाची थट्टा करण्यास वापरतात. परंतु पागेत तोबऱ्याचे काम हिशेबाचे होते. प्रत्येक घोड्याची चंदी वेगळ्या पिशवीतून तोंडाशी बांधली की कोणी किती टाकले, ते मोतद्दारास तत्काळ दिसे. या तिन्ही शब्दांत देणाऱ्याचा हात, त्याचे माप आणि त्याची नजर गृहीत धरलेली आहे.

याच दृष्टीने शिवाजी महाराजांचे मे १६७४ मधील पत्र पुन्हा वाचण्यासारखे आहे. राज्याभिषेक अवघ्या काही आठवड्यांवर आला असताना चिपळूण भागात छावणीस राहिलेल्या पागेच्या अंमलदारांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच मनास येईल तसे उधळले, तर पुढे काही मिळणार नाही. घोडी उपासाने मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. मग लोक रयतेच्या घरात शिरतील, याचीही धास्ती त्यात आहे. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तरी गवताची गंज पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत महाराजांची दृष्टी पोहोचली आहे. घोड्याच्या रिकाम्या तोंडापासून कुणब्याच्या गंजीपर्यंतचे अंतर किती थोडे होते, हे या पत्रावरून कळते. बारगिराचा घोडा सरकारी, तर शिलेदाराचा स्वतःचा. घोडा गेला की शिलेदाराचा रोजगारच जाई. म्हणून तोबऱ्यात उरलेला दाणा त्याच्या घरच्या भाकरीशी निगडित होता.

भाकरी का करपली, पाने का नासली, घोडे का अडले, या तिन्ही प्रश्नांना 'न फिरवल्यामुळे' हे एकच उत्तर देणारे कूट सर्वपरिचित आहे. त्यातही दोष घोड्याकडे जात नाही. बांधून ठेवलेल्या घोड्याची भूक मंदावते, वाढलेल्या दातांच्या कडांनी गाल सोलतो, बुरसलेल्या कडब्याचा वास त्याला माणसाच्या आधी येतो. ही कारणे शोधण्याचे काम पाळणाऱ्याचे होय.

'छावणी' हा शब्द फौजेकडून गुरांकडे आला, तेव्हा त्याबरोबर ही जुनी जबाबदारीही आली, असे म्हणावयास हरकत नसावी. दावणीला बांधलेल्या जनावराने चारा सोडला, तर तो आधी उचलून हुंगून पाहावा, एवढाच या शब्दांचा बोध आहे.