नाव बंदराचे, मेहनत डोंगराची

जपानच्या 'कोबे बीफ'चे नाव आज जगभरच्या बड्या हॉटेलांत ऐकू येते. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी मुस्लिम बांधवांच्याही ते कानावर असेल. पण या नावाने ताटात येणारे मांस खरोखर कोबेचे असते काय? याचे उत्तर शोधायचे तर त्या नावाचा इतिहास पाहावा लागतो.

इ.स. ६७५ मध्ये जपानचा सम्राट तेन्मू याने शेतीच्या हंगामात गाय-बैलांसह काही प्राण्यांचे मांस खाण्यास बंदी केली. पुढेही शतकानुशतके मांसाहाराकडे तेथे नापसंतीने पाहिले गेले. ह्योगो प्रांताच्या उत्तरेकडील ताजिमा या डोंगराळ भागात शेतकरी बैल पाळत ते नांगरासाठी. १८६८ साली कोबे बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुले झाले. त्यांना ताजिमाच्या गुरांचे मांस फार आवडले. १८७२ मध्ये सम्राट मेजीने स्वतः गोमांस खाल्ले, तेव्हा जपानी माणसाचाही संकोच ओसरू लागला. गुरे डोंगरात वाढली, नाव मात्र बंदराचे झाले.

त्यानंतर परदेशी वळूंशी संकर करण्याची लाट आली आणि अस्सल ताजिमा वंश जवळजवळ संपला. अत्सुता या दुर्गम वाडीत चार शुद्ध गायी उरल्या होत्या, असे तेथे सांगतात. त्यांच्याच वंशात १९३९ साली 'ताजिरी' नावाचा वळू जन्मला. जपानमधील काळ्या वाग्यू गायींपैकी ९९.९ टक्के गायी त्याच्या वंशातल्या आहेत, असे २०१२ मध्ये नोंदींच्या तपासणीतून दिसून आले. एवढी मोठी दौलत राखली ती नांगर धरणाऱ्या हातांनी.

नाव गाजले तशी नक्कलही आली. म्हणून १९८३ मध्ये कोबे बीफची संस्था स्थापन झाली व नियम ठरले: जनावर ताजिमा वंशाचे, ह्योगोत जन्मलेले, तेथेच वाढलेले व कापलेले हवे, मांसात चरबीची जाळी बारा अंकांच्या मापावर किमान सहा हवी. बिअर पाजणे, मालिश करणे या प्रसिद्ध कथांना नियमांत जागा नाही.

२००१ साली जपानमध्ये गुरांचा मेंदूरोग आढळला. सरकारने देशी मांस विकत घेण्याची योजना काढली, तेव्हा आयात मांस देशी म्हणून खपवल्याचे २००२ मध्ये उघड झाले. २००३ च्या कायद्याने प्रत्येक जनावराला दहा अंकी क्रमांक आवश्यक केला.

संस्थेच्या शिक्क्यासह कोबे बीफ प्रथम परदेशी गेले ते २०१२ साली, मकाऊला. त्याआधी अमेरिकेत याच नावाने विकले जाणारे मांस बहुधा तेथील संकरित गुरांचे असे. १९७६ मध्ये अमेरिकेने चार वाग्यू वळू नेले होते. वाग्यू म्हणजे जपानी गुरे, आणि त्यांच्या चार जाती आहेत. प्रत्येक कोबे वाग्यू असते, पण प्रत्येक वाग्यू कोबे नसते. ऑस्ट्रेलियाचे वाग्यू चवीला उत्तम असेल. ते कोबे म्हणून विकणे ही मात्र फसवणूक आहे. खुद्द जपानमध्येही २०१३ साली काही नामांकित हॉटेलांत चरबी टोचलेले मांस अस्सल म्हणून वाढल्याचे उघड झाले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

किंमत किंवा ताटाची सजावट ही अस्सलपणाची खूण नव्हे. दहा अंकी क्रमांक विचारावा. संस्थेच्या नोंदीत तो पडताळता येतो. हॉटेलवाला तो सांगायला टाळाटाळ करू लागला तर काय समजायचे ते समजावे. मुस्लिम ग्राहकाने आणखी एक ध्यानात ठेवावे: कोबेचा शिक्का म्हणजे हलालची सनद नव्हे आणि हलालची सनद म्हणजे कोबेचा शिक्का नव्हे. दोन्ही कागद वेगवेगळे मागावेत.

खोट्या नावाने ग्राहकाचे पैसे जातात, हे सर्वांना दिसते. पण ज्या डोंगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एक वंश जपला, त्यांचा हक्कही त्याच ताटात मारला जातो. तो क्रमांक विचारणे हा त्यांच्या मेहनतीचा मान आहे, असे आम्ही मानतो.