जोशी उपनामाचा मूळशोध आणि अमेरिकेतील एक शिला

आमच्या घराण्याचे उपनाम जोशी. पुण्यात, विशेषतः सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत, इतके सर्वसामान्य उपनाम क्वचितच दुसरे असेल. यास्तव या उपनामाविषयी काही शोध करावा, असे प्रस्तुत लेखकास आयुष्यात फारसे कधी वाटले नव्हते. त्याला निमित्त झाले ते पुतण्याच्या मुलाचे अमेरिकेहून आलेले एक पत्र.

तो मुलगा तेथील शाळेत शिकतो. वर्गात प्रत्येकाने आपल्या उपनामाचे मूळ व अर्थ सांगावा, असा पाठ बाईंनी दिला होता. शेजारच्या बाकावरील मुलगा मूळच्या लॅटव्हियातील कुटुंबातला. त्याचे उपनाम बेर्झिन्श. त्याने उभे राहून सांगितले की, त्याच्या भाषेत याचा अर्थ लहान भूर्जवृक्ष असा होतो. त्याच्या देशात हे सर्वांत जास्त आढळणारे उपनाम असले, तरी अमेरिकेतील त्यांच्या गावी त्यांचे एकच घर आहे. पुरुषाने लावल्यास ते बेर्झिन्श, स्त्रीने लावल्यास बेर्झिन्या. परंतु अमेरिकेत आल्यावर आईचेही नाव वडिलांसारखेच लिहिले जाऊ लागले. आमच्या मुलाची पाळी आली तेव्हा त्याने 'जोशी म्हणजे ज्योतिषी' एवढेच सांगितले. घरी येऊन त्याने मला लिहिले : "आजोबा, आपल्यात ज्योतिषी कोण होते? कोणत्या गावी होते? आणि त्यापूर्वी आपण कोण होतो?"

या तीन प्रश्नांपैकी एकाचेच पूर्ण उत्तर मला देता आले. ते का, हे पुढे येईलच. प्रथम उपनामाच्या मुळाकडे वळू.

संस्कृतातील 'ज्योतिष' शब्दाचे प्राकृतात 'जोइस' झाले, ज्योतिष जाणणारा तो 'जोइसिअ', आणि त्याचाच मराठीत जोशी झाला, ही व्युत्पत्ती सर्वमान्य आहे. परंतु व्युत्पत्ती म्हणजे इतिहास नव्हे. जोशी हे मुळात कुळाचे नाव नसून कामाचे नाव होय. जुन्या गावगाड्यात पाटील व कुळकर्णी यांच्याबरोबरच ग्रामजोशी असे. तिथी, वार, नक्षत्र सांगणे, पेरणीचा व लग्नाचा मुहूर्त काढणे, गावातील विवाहादी विधी चालविणे ही त्याची कामे. आणि त्याबद्दल बलुत्याचे धान्य, दक्षिणा व कोठे कोठे इनाम जमीन हा त्याचा मोबदला. हे जोशीपण वतन म्हणून वंशपरंपरेने चाले. भावाभावांत त्याच्या वाटण्या होत, ते गहाण पडे, त्यासाठी भांडणेही होत. ज्या घराण्याकडे हे वतन आले, ते कोणत्याही मूळ कुळाचे असो, दोन-तीन पिढ्यांत जोशी म्हणूनच ओळखले जाऊ लागे.

म्हणूनच हे उपनाम एका ज्ञातीचे नाही. देशस्थांत जोशी आहेत, कऱ्हाड्यांत आहेत, आपल्या कोकणस्थांत आहेत. गावोगाव हिंडून भविष्य सांगणारे कुडमुडे जोशी निराळेच. महाराष्ट्राबाहेर पाहावे तर गुजरातेत जोशी, हिमालयाच्या कुशीतील कुमाऊँत जोशी, नेपाळातील नेवार समाजात पंचांगाचे काम करणारे तेही जोशी. एकच काम ठिकठिकाणी निरनिराळ्या माणसांनी केले आणि ठिकठिकाणी एकच नाव उगवले. त्यांच्यात रक्ताचे नाते शोधणे व्यर्थ होय.

आपल्या ज्ञातीपुरते बोलावयाचे तर चौदा गोत्रे व साठ मूळ उपनामे असे परंपरा सांगते. नित्युंदन गोत्रात वैशंपायन व भाडभोके अशी मोजकी नावे. इतर काही गोत्रांत ती अधिक. पुढे या साठांची संख्या शेकड्यांनी वाढली. ही वाढ मुख्यतः दोन वाटांनी झाली. एक गावावरून, जसे चिपळूणचे ते चिपळूणकर. दुसरी अधिकारावरून. श्रीवर्धनच्या भटांचे पेशवे झाले; वेळासच्या भानूंचे फडणीस झाले, आणि आज नाना फडणीस हे नाव मुलांनाही ठाऊक असताना भानू हे नाव किती जणांना आठवते? रास्ते घराणे मूळचे गोखले. जोशी हे याच दुसऱ्या वाटेने आलेले नाव. निरनिराळ्या गोत्रांत जोशी सापडतात याचे कारण हेच. जोशांच्या मुलीचा विवाह जोशांच्याच मुलाशी जुळत असला, तरी आपले वडीलधारे प्रथम गोत्र विचारीत, ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पूर्वी उपनामाचा दैनंदिन व्यवहारात आजच्याइतका उपयोग नव्हता. माणूस ओळखला जाई तो स्वतःच्या व वडिलांच्या नावाने. बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव ही पेशव्यांची नावे पाहावी. त्यांत भट नाही. इंग्रजी अमदानीत शाळेचा पट, कचेरीचा दप्तरखाना व न्यायालय यांनी प्रत्येकाच्या नावापुढे उपनामाचा एक रकाना आखला, आणि त्या दिवशी घराण्याचे जे नाव चालू होते ते कायम झाले. लॅटव्हियातही असेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शेतकरी भूदासत्वातून मुक्त झाले, तेव्हा त्यांना उपनामे घ्यावी लागली, आणि कित्येकांनी झाडांची, पक्ष्यांची नावे घेतली. स्त्रीच्या नावाचे रूप वेगळे करण्याची त्यांची रीत आपणासही परकी नाही. आपल्या आज्या जोशीणबाई, कुळकर्णीणबाई असेच म्हणत. कागदावर मात्र ते रूप कधी चढले नाही.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. जोशीपण ही जशी विद्या होती, तसा तो हक्कही होता, आणि हक्काबरोबर अरेरावी येते. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने जोशावाचून विवाह लावण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा ज्या विधीस आपणास बोलावलेच नव्हते त्याचीही दक्षिणा मिळावी म्हणून जोशांनी दावे लावले. पुढे काळाने व कायद्याने ते वतन संपले. आज जोशी उपनामाच्या शंभर घरांत पंचांग पाहता येणारा एखादाच निघेल. काम गेले, वतन गेले, नाव तेवढे उरले.

हे उरलेले नाव समुद्रापार कसे गेले, त्याची कथा आपल्या पुण्याशी निगडित आहे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना हिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी तिचा विवाह टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला व ती आनंदीबाई झाली. माहेर जोशी, सासर जोशी. एक उपनाम आणि दोन कुळे, याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे? कोवळ्या वयात झालेला मुलगा काही दिवसांतच गेला. स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य मिळत नाही हे दुःख तिने मनात धरले. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे भर सभेत तिने आपल्या जाण्याचे कारण सांगितले, एप्रिलमध्ये कलकत्त्याहून ती जहाजात चढली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. परदेशगमनास ज्ञातीचा विरोध असतानाचे हे दिवस होत. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी तिने पदवी घेतली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानातील रुग्णालयात तिची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने जर्जर होऊनच ती परतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी या पुणे शहरात तिने देह ठेवला. वय बावीसही पूर्ण नव्हते.

तिला अमेरिकेत मायेचे घर देणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे तिच्या अस्थी पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी या गावच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या विसावल्या आहेत. तेथील शिलेवर तिचे नाव कोरलेले आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असे तीवर नमूद आहे. ज्या ज्ञातीने तिच्या जाण्यास नाके मुरडली, त्या ज्ञातीचा उल्लेख परक्या भूमीने तिच्या गौरवार्थ दगडावर जपला!

त्या शिलेवरील उपनाम आपल्या आजच्या शोधास फार महत्त्वाचे आहे. रोमन लिपीत आपण आज जोशी लिहिताना शेवटी 'आय' हे अक्षर लावतो. आनंदीबाईंनी तेथे दोन 'ई' लावले होते. महाविद्यालयाच्या कागदांत तेच, शिलेवर तेच. आज आपल्या मुलांपैकी कोणी तेथील दप्तरांत 'आय'चे जोशी शोधू लागला, तर त्याला आनंदीबाई सापडणार नाहीत. एका अक्षराच्या फरकाने घरचे माणूस परके होते ते असे.

त्यानंतर दीर्घकाळ अमेरिकेचे दार आपल्याला जवळजवळ बंदच होते. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक लोकांस मज्जाव केला. १९४६ च्या कायद्याने वर्षाला शंभर हिंदी माणसांपुरती फट उघडली. खरे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. मग आपले अभियंते, वैद्य, प्राध्यापक गेले, संसार थाटले, मंडळे काढली. १९८१ साली त्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. आज तेथे जोशी हे नाव दुर्मिळ राहिलेले नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील लहान उपनामांचे काय? अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१० च्या गणतीवरून उपनामांची यादी काढली. तीत १,६२,२५३ नावे आहेत. पण शंभर किंवा अधिक माणसांनी लावलेले नाव असेल तरच त्यास तीत स्थान. ज्या उपनामाची तेथे पंधरा-वीस माणसे आहेत, त्याची त्या यादीत ओळसुद्धा नाही. म्हणजे मोठ्या उपनामाला धोका आहे तो आतील निरनिराळी कुळे एकमेकांत मिसळून ओळख पुसली जाण्याचा, आणि लहान उपनामाला धोका आहे तो नावच नाहीसे होण्याचा.

आता माझ्या अपुऱ्या उत्तराची हकीकत. शनिवार पेठेत नदीच्या बाजूस आमचे बिऱ्हाड होते. आजोबांच्या खोलीत एक लाकडी पेटी असे. तीत जोशीपणाच्या वृत्तीचे मोडी कागद होते. दसऱ्याला ती पेटी पूजेत मांडीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. मी बारा वर्षांचा होतो. आम्ही माणसे अंगावरच्या वस्त्रांनिशी वाचलो. पाणी ओसरल्यावर पेटी जागीच सापडली, परंतु आत कागद म्हणून काही उरले नव्हते; शाई धुऊन गेलेला लगदा होता. आजोबांनी गोत्र सांगितले, गावही सांगितले. पण जोशीपण मिळण्यापूर्वी आपण कोण होतो, ते त्या कागदांत होते. त्यांना ते मुखोद्गत नव्हते. कागद आहेत या भरवशावर ते कोणी पाठ केले नाही, आणि त्याची नक्कलही कोणी केली नाही. अमेरिकेतील मुलाला मी गाव लिहून कळविले, तेथे ग्रामजोशीपण होते हे कळविले, आणि तिसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी सोडली.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस एवढीच विनंती आहे. आपल्यातील कित्येक घराण्यांनी कष्टाने कुलवृत्तान्त प्रसिद्ध केले आहेत; त्यांत आपली शाखा आली आहे काय, हे पाहावे. आली नसल्यास साध्या वहीत आपले गोत्र, मूळ गाव, मूळ उपनाम, बदललेले उपनाम व बदलाचे कारण लिहून ठेवावे. परदेशी असलेल्या मुलांची उपनामे रोमन लिपीत कोणत्या अक्षरांनी लिहिली जातात, तेही नोंदवावे. लग्न होऊन आलेल्या सुनांची माहेरची घराणी वगळू नयेत. आनंदीबाईंचे माहेर वगळले असते तर अर्धी कथा गेली असती. मोडी कागद असतील तर जाणकाराकडून वाचवून घ्यावे आणि त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्या. यात कुळाचा बडेजाव मिरविण्याचा हेतू नाही. पुढची पिढी विचारील तेव्हा खरे उत्तर देता यावे, इतकाच हेतू आहे.

शेवटी एक गोष्ट. शुक्र ग्रहावरील विवरांना कर्तृत्ववान स्त्रियांची नावे देण्याचा खगोलशास्त्रज्ञांचा प्रघात आहे. तेथील सुमारे ३४ किलोमीटर व्यासाच्या एका विवराला आनंदीबाईंचे उपनाम दिले आहे, आणि तेही त्यांच्याच अक्षरांनी, दोन 'ई' लावून. गावच्या ओट्यावर बसून शुक्राचा उदयास्त सांगणाऱ्या कोणा ग्रामजोशाचे ते नाव अखेर शुक्रावर जाऊन पोहोचले. पत्रात तिसऱ्या प्रश्नाची जागा कोरी राहिली, तिच्याखाली मी मुलाला हे लिहून कळविले आहे.