जैसलमेरच्या किल्ल्यात दोन बादल्या पाणी

किल्ला म्हटला की आपल्याला आठवते ती पायपीट, करवंदाच्या जाळ्या आणि वर पोचल्यावर चार पडक्या भिंती. गेल्या हिवाळ्यात जैसलमेरला निघालो तेव्हा माझ्याही मनात हेच चित्र होते. अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे दरवाजे ओलांडत वर गेलो, तर समोर दूधवाला सायकल ढकलत चाललेला आणि ओट्यावर एक आजीबाई भाजी निवडत बसलेल्या! तटाच्या आत आजही काही हजार माणसे संसार करतात.

रावळ जैसलने त्रिकूट टेकडीवर ही राजधानी वसवली ती ११५६ मध्ये. शेती नावापुरती. राज्य चालले ते वाळवंटातून जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई बंदराने हा व्यापार समुद्राकडे ओढून नेला. उरलासुरला मार्ग १९४७ च्या फाळणीने बंद झाला. पटवांच्या हवेलीची नक्षी पाहताना, मुंबईकर म्हणून मला जरा ओशाळल्यासारखेच झाले.

मी उतरलो होतो किल्ल्यातल्याच एका घरी. पहिल्या दिवशी चांगली दोन बादल्या पाण्याने आंघोळ केली. संध्याकाळी गच्चीवर बसलो असताना म्हातारे यजमान म्हणाले, "आमची आई गडीसर तलावावरून डोक्यावर पाणी आणायची. आंघोळीचे पाणी परातीत धरून त्यातच कपडे धुवायचे."

नळ आले, घरांची हॉटेले झाली आणि पाणी वाढले. ही टेकडी आपल्या सह्याद्रीसारखी काळ्या कातळाची नव्हे. पिवळ्या वालुकाश्माखाली मऊ मातकट थर आहेत. गळके नळ, तुंबलेली गटारे आणि पाऊस यांचे पाणी तिथे मुरते, पाया ढिला होतो आणि वरचे बुरूज, भिंती सरकू लागतात. ज्या किल्ल्याने तहान सोसत आठशे वर्षे काढली, त्याला पाणी बाधावे! १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातील वास्तूंच्या यादीत त्याचे नाव घातले. त्यानंतर बरीच डागडुजी झाली. २०१३ मध्ये राजस्थानच्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. आपल्या रायगड-राजगडाला तो मान २०२५ मध्ये मिळाला. पण तिथे नळ कोण उघडणार?

मग रहिवाशांना खाली हलवावे का? यजमानांना विचारले. ते चिडले नाहीत. "रिकामा किल्ला कोण झाडणार?" एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या बादलीत उरकले. शेजारच्या हॉटेलातून मात्र शॉवरचा आवाज बराच वेळ येत होता.